निशाणी नांगर

पुण्याहून नगरकडे निघालं की शिक्रापूर, मग रांजणगाव, मग शिरूर. या पट्ट्यात आज कारखान्यांच्या बसगाड्या, ट्रकांच्या रांगा आणि हप्त्यावर फटफटी न् मोबाइल देणाऱ्या दुकानांच्या पाट्या दिसतात. याच शिरूर तालुक्यात, महामार्ग सोडून थोडं दक्षिणेला, करडे नावाचं गाव आहे. कर्ज कुणाला द्यायचं, कसं वसूल करायचं आणि त्याचा हिशेब कुणाच्या हातात असायचा, या प्रश्नावरून दीडशे वर्षांपूर्वी इथे ठिणगी पडली.

१८७४ च्या डिसेंबरात करड्यात काळूराम नावाच्या सावकारानं बाबासाहेब देशमुख या कर्जदारावर कोर्टाचा हुकूमनामा आणला. प्रकरण दीडशे रुपयांचं. त्या हुकूमनाम्याच्या जोरावर त्यानं देशमुखांचं घर पाडायला काढलं. गाव बिथरलं, पण काळूरामच्या अंगावर कुणी धावून गेलं नाही. न्हाव्यानं त्याची हजामत बंद केली, पाणक्यानं पाणी आणि गड्यांनी काम. दुकानात गिऱ्हाईक फिरकेना, जमीन कसायला माणूस मिळेना. अखेर काळूरामला गाव सोडावं लागलं. करड्याची ही युक्ती आसपासच्या गावांनी उचलली. सावकाराचं काम करील त्याला वाळीत टाकू, असे कागद ठिकठिकाणी लिहिले गेले.

पाच महिन्यांनी बहिष्काराच्या जागी आग आली.

१२ मे १८७५, बाजाराचा दिवस. गाव सुपे. आज हे बारामती तालुक्यात येतं. तेव्हाच्या भीमथडी तालुक्यात आजचे दौंड आणि बारामती दोन्ही मोडत. शहाजीराजांच्या जहागिरीतलं हे जुनं परगण्याचं गाव, मोठ्या बाजाराचं. त्या दिवशी बाजाराला आलेल्या जमावानं गुजर सावकारांच्या दुकानांना आणि घरांना वेढा घातला, वह्या आणि कर्जरोखे बाहेर काढले आणि पेटवून दिले. चोवीस तासांच्या आत चौदा मैलांवरच्या दुसऱ्या गावात सावकाराचं घर जळालं. पुढच्या काही आठवड्यांत हा वणवा भीमथडी, इंदापूर, पुरंदर, शिरूर, हवेली आणि पलीकडे नगर जिल्ह्यातल्या पारनेर, श्रीगोंदे, कर्जत या तालुक्यांत फिरला. सरकारनं ९५१ जणांना पकडलं, ५०१ जणांना शिक्षा झाल्या.

इंग्रज अधिकाऱ्यांना या दंग्यातली एक गोष्ट चमत्कारिक वाटली. सावकारानं रोखे मुकाट्यानं काढून दिले की जमाव बहुतेक ठिकाणी निघून जाई. मारहाण झाली ती मुख्यतः कागद द्यायला नकार मिळाला तिथे. रागाचा रोख मारवाडी आणि गुजर सावकारांवर होता; इतर जातींच्या सावकारांना त्या मानानं कमी झळ लागली. खून जवळजवळ नाहीतच. शेतकऱ्यांना सावकाराचा जीव नको होता, त्याच्या तिजोरीतला कागद हवा होता.

त्या कागदात काय असायचं? खत लिहिणारा सावकाराचा मुनीम किंवा त्याच्या ओळखीतला लेखक. मजकूर शेतकऱ्याला वाचता येत नसे. तळाशी त्याच्या नावापुढे नांगराचं चित्र काढून शेजारी लिहिलेलं असे : निशाणी नांगर. मराठी दप्तरांतली ही जुनी पद्धत. कुणबी असेल तर नांगर, आणि त्या चित्राचा अर्थ एवढाच की या माणसानं हे सगळं कबूल केलं आहे. काय कबूल केलं हे त्याला ठाऊक असेलच असं नाही.

इथे कायद्याचा एक विलक्षण उलटा परिणाम सांगायला हवा. १८५९ साली मुदतीचा कायदा आला आणि साध्या रोख्याची दाव्याची मुदत तीन वर्षांवर आली. हेतू चांगला होता. जुनं कर्ज सावकारानं वर्षानुवर्षं भिजत ठेवू नये. सावकारांनी काय केलं? दर तीन वर्षांनी नवं खत. जुनी मुद्दल अधिक थकलेलं व्याज ही नव्या खताची मुद्दल, आणि तिच्यावर पुन्हा व्याज. आपल्याकडे दामदुपटीचा नियम होता, म्हणजे व्याज एका वेळी मुद्दलापेक्षा जास्त मागता येत नसे. नव्या खतानं तो नियमही कागदावर पाळला जाई आणि व्यवहारात बुडे. शेकडा दोन रुपये महिना या दरानं शंभर रुपये घेतले आणि काहीच फेडता आलं नाही, असं धरा. तीन वर्षांनी खत १७२ रुपयांचं, सहा वर्षांनी २९६ चं, बाराव्या वर्षी ८७५ चं. दंग्यांच्या चौकशीसाठी नेमलेल्या आयोगाला याहून भयंकर नमुने सापडले. एका प्रकरणात शंभर रुपयांच्या कर्जावर दोन हजारांहून अधिक व्याज आकारलेलं होतं.

सावकार एकटा दोषी होता असं मात्र नाही. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे १८६१ ते ६५ या काळात कापसाचे भाव चढले, दक्षिणेत पैसा खेळू लागला, सावकारांनी हात सैल सोडला. युद्ध संपलं, भाव कोसळले, आणि त्याच सुमारास तीस वर्षांच्या जमाबंदीची मुदत संपून नवे शेतसारे आले. काही तालुक्यांत ते निम्म्याहून अधिक वाढले. सरकारला सारा रोख आणि ठरल्या तारखेला हवा. तो भरायला शेतकरी सावकाराकडे जाई. सावकार त्याच वेळी हात आखडता घेत होता. आयोगानं नगर जिल्ह्यातली बारा गावं तपासली, तेव्हा सुमारे एक तृतीयांश खातेदार कर्जात होते आणि त्यांचं सरासरी कर्ज ३७१ रुपये निघालं.

आयोगाचा आणखी एक निष्कर्ष आजही वाचण्यासारखा आहे. कुणबी लग्नात पैसा उधळतो म्हणून बुडतो, ही त्या काळच्या साहेबांची ठाम समजूत. आयोगानं लिहिलं की या कारणाला वाजवीपेक्षा फार महत्त्व दिलं गेलं आहे. म्हणजे ज्यांच्या हाती निर्णय होते त्यांच्या डोक्यात कर्जदाराचं एक चित्र पक्कं बसलं होतं, आणि आकड्यांशी ताडून पाहिल्यावर ते टिकलं नाही.

दंग्यानंतर चार वर्षांनी, १८७९ साली, दक्षिणी शेतकऱ्यांच्या मदतीचा कायदा आला. पुणे, नगर, सोलापूर, सातारा या चार जिल्ह्यांसाठी. या कायद्याची खरी करामत अशी की न्यायाधीशाला खताच्या मागे जाण्याची परवानगी मिळाली. तोवर कोर्ट कागदावरचा आकडा आणि खालचा नांगर पाहून निकाल देई. आता न्यायाधीशानं पहिल्या देण्यापासून हिशेब उकलायचा, मुद्दल वेगळी, व्याज वेगळं, आणि मगच काय देणं निघतं ते ठरवायचं. शेतकऱ्याचं खत गावच्या निबंधकासमोर लिहायचं आणि त्याला समजावून सांगायचं. पैसे भरले की पावती, मागितला की हिशेब. कर्जापायी शेतकऱ्याला कैद नाही. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे पुढे याच कायद्याखालच्या कामाचे विशेष न्यायाधीश झाले.

पळवाटा निघाल्याच. गहाणखत कोर्टात उकललं जातं म्हटल्यावर सावकार सरळ खरेदीखत लिहून घेऊ लागले आणि पैसे फेडलेस तर जमीन परत, ही बोली तोंडी राहिली. काही ठिकाणी शेतकऱ्याला उधारच मिळेना. कायदा हिशेब सोडवू शकत होता, पैसा पुरवू शकत नव्हता. तो पुरवण्यासाठी विल्यम वेडरबर्न आणि रानडे यांनी पुरंदर तालुक्यात शेतकी बँक काढण्याची योजना मांडली. हिंदुस्थान सरकारला ती पटली होती. लंडनच्या कचेरीत ती मेली. एका तालुक्याचा तो प्रयोग झाला असता तर सहकारी पतपुरवठ्याचा इतिहास वीस वर्षं आधी सुरू झाला असता, असं मानायला जागा आहे.

१९०४ साली सहकारी पतसंस्थांचा कायदा आला. १९१७ साली पुणे जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँक उभी राहिली. तरी सावकाराची मुळं खोल होती. १९५१-५२ च्या अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणीत, जिच्या समितीवर धनंजयराव गाडगीळ होते, शेतकऱ्यांच्या एकूण कर्जात सहकारी संस्थांचा वाटा अवघा ३.१ टक्के निघाला आणि सावकारांचा सुमारे सत्तर. पुढे चित्र पालटलं ते गावोगावच्या विकास सोसायट्यांमुळे. शिरूर-दौंडच्या शेतकऱ्याला ही भाषा तोंडपाठ आहे : सोसायटीचा इकरार, सातबाऱ्याच्या इतर हक्कात चढलेला बोजा, कमाल मर्यादा पत्रक, ऊसबिलातून कपात. न्हावऱ्याचा घोडगंगा किंवा पाटसचा भीमा कारखाना ऊस नेई आणि सोसायटीची वसुली बिलातूनच होई. पत ठरवायला इथे सावकाराची नजर लागत नव्हती. एकरी अमुक पिकाला अमुक रुपये, असा तक्ता असे. तक्ता आंधळा होता खरा, पण सगळ्यांसाठी सारखा आंधळा होता आणि सोसायटीच्या भिंतीवर लावता येत होता.

सावकाराचं ज्ञान याच्या अगदी उलट. कुणाच्या विहिरीला पाणी आहे, कुणाचा बैल म्हातारा झाला, कुणाचा भाऊ वाटणी मागतो, हे त्याला ठाऊक असे आणि ते सारं त्याच्या डोक्यात न् वहीत असे. आजच्या वित्तकंपन्या पुन्हा त्याच जवळिकीकडे निघाल्या आहेत, फक्त वही बदलली आहे.

पुण्याचंच उदाहरण घ्यावं. आकुर्डीत नोंदणीकृत कार्यालय असलेली बजाज फायनान्स १९८७ साली बजाजच्या दुचाकींना हप्त्यावर कर्ज द्यायला निघाली. ती आज देशातल्या सर्वांत मोठ्या वित्तकंपन्यांत मोडते आणि २०२४ च्या अखेरीस तिनं आपली पुढची वाटचाल कृत्रिम बुद्धिमत्तेवर उभ्या कंपनीची असेल असं जाहीर केलं. शेतीकर्जातला नमुना आणखी जवळचा आहे. ऑगस्ट २०२० मध्ये आयसीआयसीआय बँकेनं उपग्रहाच्या चित्रांवरून शेतकऱ्याची पत जोखायला सुरुवात केल्याचं सांगितलं. महाराष्ट्र, मध्य प्रदेश आणि गुजरात मिळून पाचशेहून अधिक गावांत. जमीन कुठे, पाणी किती, गेल्या हंगामांत रान हिरवं होतं का, हे वरून दिसतं. माणूस पाठवावा लागत नाही. रिझर्व्ह बँकेनं २०२३ च्या ऑगस्टमध्ये कर्जासाठी एक सामाईक यंत्रणा प्रायोगिक पातळीवर सुरू केली. ती आज यूएलआय या नावानं ओळखली जाते आणि राज्यांची जमिनीची दप्तरंही तिला जोडली जात आहेत. महाराष्ट्रात डिजिटल सहीचा सातबारा २०१८ पासून मिळतो, ई-पीक पाहणी २०२१ च्या १५ ऑगस्टपासून सुरू आहे. मुनिमाला जे गोळा करायला दोन पिढ्या लागत, ते आता काही मिनिटांत एका पडद्यावर येतं.

अशा कंपनीत कृत्रिम बुद्धिमत्तेचं धोरण ठरवणारा एक वरिष्ठ अधिकारी असतो. तो स्वतः प्रोग्रॅम लिहीत नाही. कोणता निर्णय यंत्रावर सोडायचा, कोणता माणसाकडे ठेवायचा, यंत्राला कोणत्या जुन्या नोंदींवर शिकवायचं आणि अर्ज फेटाळला तर कारण कुणी सांगायचं, हे त्यानं ठरवायचं असतं. यांतला शिकवण्याचा भाग सगळ्यांत नाजूक. यंत्र भूतकाळातल्या कर्जांवरून शिकतं. समजा, १८७५ साली सुप्याच्या वह्या जळाल्या नसत्या आणि त्यांवर एखादं यंत्र शिकवलं असतं, तर ते काय शिकलं असतं? दर तीन वर्षांनी नवं खत लिहून देणारा, कधीच न फिटणारा कुणबी हाच उत्तम गिऱ्हाईक. वहीच्या दृष्टीनं त्यात काही चूक नाही. फायदा त्याच्याकडूनच होत होता. ‘फायदा’ म्हणजे काय हे यंत्राला कुणीतरी आधी सांगावं लागतं, आणि ते सांगणारा माणूस धोरणाच्या खुर्चीत बसलेला असतो.

उपग्रहाचंही तसंच. चासकमानच्या कालव्याखालचं रान आणि शिरूर तालुक्यातलंच जिराईत रान वरून वेगळं दिसतं, ते बरोबरच. पण अर्धेलीनं कसणाऱ्याचं पीक हिरवं असलं तरी सातबारा मालकाच्या नावावर असतो. नवरा पुण्याला कामाला आणि शेत बायको कसते, अशा घरात तिचं नाव बहुधा उताऱ्यावर नसतं. आजोबांच्या नावचा उतारा आणि खाली बारा वारस, हे तर घरोघरचं. यंत्राला हिरवं दिसतं, पण पत जोडायला माणूस सापडत नाही.

आणि मग येतो सिबिल. ही पतमाहिती कंपनी २००० साली स्थापन झाली. ३०० ते ९०० मधला तिचा आकडा आता शिक्रापूरच्या चौकातही सर्वांना ठाऊक आहे. पीककर्जाला सिबिलची अट लावू नका, असं मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी मे २०२५ मध्ये राज्यस्तरीय बँकर्स समितीच्या बैठकीत बँकांना बजावलं आणि गुन्हे नोंदवण्याचा इशारा दिला. शेतकऱ्याचा राग समजण्यासारखा आहे. आकडा कळतो, आकड्यामागचा हिशेब कळत नाही. १८७९ पूर्वी कोर्टात त्याची हीच गत होती.

रिझर्व्ह बँकेचे अलीकडचे नियम वाचताना त्यामुळेच गंमत वाटते. एप्रिल २०२४ च्या परिपत्रकानं कर्ज देणाऱ्यानं मुख्य अटींचं एक पत्रक द्यायचं ठरवलं. व्याज आणि सगळे आकार मिळून वर्षाचा खरा दर त्यात हवा, ते कर्जदाराला कळणाऱ्या भाषेत हवं, त्याला समजावून सांगायचं आणि त्याला समजलं अशी पोच घ्यायची. सात दिवस किंवा त्याहून जास्त मुदतीच्या कर्जात त्या पत्रकावर विचार करायला किमान तीन कामकाजाचे दिवस द्यायचे. गावचा निबंधक आणि वाचून दाखवलेलं खत यांच्याशी याचं साम्य योगायोगाचं असेल, पण गरज तीच आहे. मोबाइलवर अटींची सहा पानं सरकवून ‘मान्य’ या चौकोनावर टेकवलेलं बोट आणि निशाणी नांगर यांत फरक आहे तो शाईचा.

देहूच्या तुकोबांची आठवण इथे निघतेच. त्यांचं घराणं महाजनकीचं. आपल्या वाटणीची खतं त्यांनी इंद्रायणीत बुडवली, असं परंपरा सांगते. सुप्याच्या शेतकऱ्यांनी आगीत जे टाकलं तेच त्यांनी पाण्यात सोडलं, तेही धनको असताना आणि आपण होऊन. संगणकावरच्या खताला यांतलं काही लागू पडत नाही. त्याची प्रत कुठल्या दूरच्या गोदामात असते आणि चूक असली तरी ती जळत नाही की भिजत नाही. म्हणून हिशेब उकलण्याचा हक्कच काय तो उरतो.

त्या दिशेनं ऑगस्ट २०२५ मध्ये एक दस्तऐवज आला. मुंबई आयआयटीचे प्राध्यापक पुष्पक भट्टाचार्य यांच्या अध्यक्षतेखालच्या रिझर्व्ह बँकेच्या समितीनं वित्तक्षेत्रातल्या कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी सात सूत्रं आणि २६ शिफारशी मांडल्या. यंत्राचा निर्णय समजण्याजोगा असावा आणि जबाबदारी संस्थेचीच राहावी, ही त्यांतली दोन सूत्रं. प्रत्येक संस्थेनं संचालक मंडळानं मंजूर केलेलं धोरण ठेवावं, असंही त्यात आहे. या अध्यक्षांचं आयुष्य भारतीय भाषांच्या संगणकीय अभ्यासात गेलं, मराठीसुद्धा त्यांत आली. तेव्हा ‘समजण्याजोगा’ हा शब्द त्यांच्या समितीत आला याचं नवल वाटू नये. शिफारशी म्हणजे कायदा नव्हे, हे खरं. १८७९ च्या कायद्याआधीही आयोगाचा एक जाडजूड अहवाल होता आणि दंगा न् कायदा यांच्या मधे चार वर्षं गेली होती.

तोवर शिक्रापूरच्या किंवा दौंडच्या माणसाला जे हातात आहे ते वापरता येतं. प्रत्येक पतमाहिती कंपनीकडून वर्षातून एकदा आपला पूर्ण अहवाल फुकट मागता येतो. फेडलेलं कर्ज थकीत दिसत असेल तर तक्रार करता येते. तक्रारीचा निकाल तीस दिवसांत लागला नाही, तर एकतिसाव्या दिवसापासून रोज शंभर रुपये भरपाई अर्जदाराला मिळते.